तांबं आणि लोखंड जोडायला सांध्यात वितळवून भरायची धातूची काडी कुठली?

मकरपुरा_फिटर: बडोद्यात फ्रिजची कामं करतो. कॉम्प्रेसरच्या नळीला फॉस्फरसवाल्या काडीनं केलेला जोड दिसतो झकास, पण जरा हिसका बसला की कडकन् तुटतो. नळी तर तांब्याचीच!

दांडियाबाजार_काका: चुंबक लावून बघ. वरून तांब्याचा मुलामा, आत लोखंड असणार. फॉस्फरसनं लोखंडाशी ठिसूळ थर बनतो. ती काडी तांब्या-तांब्याला ठेव, तिथं फ्लक्सही (सांध्यावरचा ऑक्साइडचा थर काढणारं रसायन) लागत नाही. इथं ४५ टक्के चांदीची घे, फ्लक्स लावून. महाग आहे, पण जोडायच्या दोन भागांमधली फट ०.१ मिमीच्या आसपास असली की थोडक्यात भागतं. कॅडमियमवाली मात्र फुकट मिळाली तरी नको, तिचा धूर जीवघेणा.

मकरपुरा_फिटर: आणि पितळी व्हॉल्व्हला, काका?

दांडियाबाजार_काका: फॉस्फरसवाली चालेल, पण फ्लक्स हवाच. व्हॉल्व्हला ओलं फडकं गुंडाळ, नाहीतर आतलं सील जळेल.