दाराची चौकट खालून कुजली, काय करू?

गुहागरजवळचं आमचं जुनं घर, मागच्या दाराची सागाची चौकट बाहेरून खाली वीतभर कुजलीय, स्क्रूड्रायव्हर सरळ आत जातो. सुतार म्हणतो सगळी बदला. एम-सील भरून चालेल का?

> एम-सील नको राव, आतलं ओलं तसंच राहतं आणि पुढच्या पावसात परत तेच. वर लाकूड टणक असेल तर कुजकं कापून तिरपा सांधा देऊन सागाचाच तुकडा बसवा, पण आधी नीट सुकू द्या, आणि खालच्या कापलेल्या टोकाला प्रायमर विसरू नका, पाणी तिथूनच चढतं.

> आधी टोचून वाळवी बघा! आणि पागोळ्या दारावर पडतायत का? मग वर पत्रा टाका.

> पत्रा नाहीये 😅 टाकतो.