रविवारची सुट्टी कोनं मिळवून देली?

कपाशीवाला: आमच्या इकडच्या जिनिंगवर, म्हंजे कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात, सीझनमधी बाया रविवारीबी सरकी झाडत असतात, नाकातोंडात रुई, सुट्टी घेतली का मजुरी कापली. मंग हे सुट्टी आली कुठून, अन् यायले काऊन नाही?

वर्धेकर: नारायण मेघाजी लोखंडे, भाऊ! फुल्यायचे सत्यशोधक साथी. 1884 मधी मुंबईत गिरणी कामगारायची संघटना काढली, सभा, अर्ज, मांगनी सोडलीच नाही, तवा 10 जून 1890 ले मालकायनं रविवार मान्य केला. मोठा मानूस.

नागपूरवाला: अन् आपल्याकडं एम्प्रेस मिल, कापडाची गिरणी, 1877 ची, पार 2002 मधी बंद झाली. कामगार पुढारी ए. बी. बर्धन 1957 ले नागपुरातून अपक्ष आमदार होते, पोरायले हे कोनी सांगतच नाही.

कपाशीवाला: जिनिंगवरच्या बायायले लोखंड्यायचं सांगतो उद्याच.