कोर्टात मुलाच्या बाजूने बोलणारा स्वयंसेवक: गरज की लुडबुड?

ऑस्टिनची_मृणाल
आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर परवा वाद झाला, तो इथे जरा नीट मांडते. विषय आहे अमेरिकेतला 'कासा', म्हणजे 'कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट', मुलाचं हित बघायला कोर्टाने नेमलेला स्वयंसेवक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरी मारहाण होते, किंवा व्यसनापायी मुलाकडे कुणी बघत नाही, अशी गंभीर तक्रार आली की सरकारी खातं मूल ताब्यात घेऊ शकतं आणि कोर्टात केस उभी राहते. खात्याला वकील, आईबापांना बहुतेक ठिकाणी वकील. ज्याच्यावरून हे सगळं चाललंय त्या मुलाचं कोण?

१९७४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना सांगितलं की अनुदान हवं असेल तर अशा प्रत्येक केसमध्ये मुलाचं हित बघणारा कुणीतरी नेमा. सिएटलच्या कोर्टात डेव्हिड सूकप नावाचे न्यायाधीश होते. तुटपुंज्या माहितीवर मुलांच्या आयुष्याचे निर्णय द्यावे लागतात, याने त्यांची झोप उडायची. सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन हे काम सोपवावं, असं त्यांना सुचलं. विचारणा केली तर जेवणाच्या सुट्टीत जवळपास पन्नास लोक हजर! १९७७ मध्ये सुरू झालेलं हे काम आज देशभर चालतं. वय २१ च्या पुढे, पोलीस तपासणी, साधारण ३० तासांचं प्रशिक्षण, मग एका वेळी एखाद-दुसरी केस. महिन्यातून निदान एकदा मुलाला भेटायचं, शाळा-डॉक्टर-नातेवाईक सगळ्यांशी बोलायचं आणि न्यायाधीशांना लेखी अहवाल द्यायचा.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या लोकांनी यात उतरावं. ढोलताशा पथकाच्या तालमींना वेळ आहे, गणपतीच्या समितीत कोण अध्यक्ष यावर तीन तासांची झूम मीटिंग करायला वेळ आहे, मग याला का नाही?

तिरकस_तात्या
मृणालताई, हेतू उत्तम. पण ३० तास? इथे गाडीचं लायसन्स काढायला पोरं याहून जास्त तास घालवतात. आणि तेवढ्यावर हा माणूस न्यायाधीशाला सांगणार की अमक्या आईला तिचं मूल परत द्यावं की नाही!

दुसरं म्हणजे, खात्याकडच्या केसेसमध्ये बहुतांश 'दुर्लक्षा'च्या असतात, मारहाणीच्या नव्हे. दुर्लक्ष म्हणजे पुष्कळदा नुसती गरिबी. फ्रिजमध्ये काही नाही, वीज तोडलेली, आई रात्रपाळीला आणि आठ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळतेय. यातलं अर्धं आपल्या चाळीत रोज घडायचं, तेव्हा आपल्याला कुणी उचलून नेलं नाही. स्वयंसेवक कोण असतात? बहुसंख्य गोऱ्या, सुखवस्तू बायका. मुलं कोणाची? काळ्या आणि मूळनिवासी मुलांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. आता त्यात आपण एच-वन-बीवाले जाऊन काय दिवे लावणार?

बंड्या_बे-एरिया
तात्यांना +१. नॉर्वेची ती केस विसरलात का सगळे? २०११ मध्ये एका भारतीय जोडप्याची दोन मुलं खात्याने नेली. हाताने भरवतात, मूल बापाशेजारी झोपतं, असलेही आक्षेप होते म्हणे. दिल्लीतून परराष्ट्र खातं मध्ये पडलं, तेव्हा कुठे २०१२ मध्ये मुलं काकाच्या ताब्यात आली. दुसऱ्याच्या घरात डोकावून 'मुलाचं हित' ठरवणारे किती घोळ घालतात ते तेव्हा आपण बघितलंय.

शेवंती
बंडोपंत, उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. नॉर्वेत निर्णय घेणारे स्वयंसेवक नव्हते, पगारी तज्ज्ञच होते. तिथल्या फायलीत एखादा माणूस असता, जो त्या घरी दर महिन्याला जाऊन 'अहो, यांच्याकडे असंच भरवतात' म्हणाला असता, तर?

मी हे काम करते, म्हणून लिहिते. केसबद्दल एक अक्षर सांगता येत नाही, पण काम काय असतं ते सांगता येईल. खात्याच्या कर्मचाऱ्याकडे केसेसचा ढीग असतो आणि ती माणसं टिकत नाहीत. एका मुलाच्या केसमध्ये दीड-दोन वर्षांत खात्याचा माणूस बदलतो, पालक-घर (ताब्यात घेतलेलं मूल तात्पुरतं ठेवतात ते दुसरं कुटुंब) बदलतं, त्यासोबत शाळाही बदलते. फाईल नव्या टेबलावर जाते तेव्हा त्यात काय राहून गेलं हे कुणाच्या लक्षात येत नाही. मुलाला चष्मा लागलाय आणि तो जुन्या घरीच राहिला. भावाची भेट न्यायाधीशांनी महिन्यातून दोनदा ठरवली होती, ती कुणी घडवूनच आणत नाही. शाळेत विशेष शिक्षणाची बैठक आहे आणि मुलाच्या बाजूने खुर्चीत कुणी नाही. माझ्या अहवालात बव्हंशी हेच असतं. 'ही आई वाईट आहे' असलं काही लिहायला मी जात नाही. आईच्या व्यसनमुक्तीच्या वर्गाची वेळ आणि मुलाच्या भेटीची वेळ एकच ठेवली होती, म्हणून तिच्या भेटी चुकल्या, हेसुद्धा अहवालातच येतं. ते नाही आलं तर कोर्टापुढे नुसतं 'आई गैरहजर' एवढंच जातं.

नीतिन_वकील
शेवंतीताई जे वर्णन करताहेत त्याला माझा विरोध नाही. आम्ही आईबापांच्या बाजूने उभे राहतो, आणि त्यांच्यासारखा अहवाल आला तर आनंदच. माझा विरोध पुढच्या एका ओळीला आहे. अहवालाच्या शेवटी 'शिफारस' असते. चष्मा, शाळा, भेटी, सगळं लिहा. पण मूल कुठे राहावं, आईचे हक्क संपवावेत का, यावर तुमचं मत न्यायाधीशाला कशासाठी हवं?

१९९७ चा केंद्रीय कायदा आहे. मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने घराबाहेर, पालक-घरात राहिलं, तर काही अपवाद सोडता आईबापांचे हक्क संपवण्याचा अर्ज खात्याला करावाच लागतो. वर दत्तक वाढले की राज्यांना बक्षिसाची रक्कम. घड्याळ आधीच आईच्या विरोधात चालू असतं. अशा वेळी पालक-घरात मूल कसं छान रुळलंय, स्वतंत्र खोली आहे, पियानोचा क्लास आहे, असं एखादा सहृदय माणूस लिहितो. खोटं नसतं ते. पण त्या तराजूत गरीब आजीचं दोन खोल्यांचं घर टिकत नाही.

आणि मृणाल, तुमच्या टेक्सासमधलाच अभ्यास बघा. ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या सिंथिया ओस्बोर्न आणि सहकाऱ्यांचा, २०२० च्या सुमारास छापलेला. ज्यांना कासा स्वयंसेवक मिळाला त्या मुलांची आईबापांकडे परत जाण्याची शक्यता कमी निघाली, आणि नातेवाइकांकडे कायम पालकत्वाने जाण्याचीही कमी.

ऑस्टिनची_मृणाल
नीतिनजी, कासा देतातच मुळी अवघड केसेसमध्ये. जास्त आजारी माणसं मोठ्या इस्पितळात जातात आणि तिथे जास्त दगावतात, म्हणून इस्पितळ मारतं असं म्हणाल का?

नीतिन_वकील
हा आक्षेप अभ्यासकांनाही ठाऊक होता. उपलब्ध नोंदींवरून सारख्यातल्या सारख्या केसेस जुळवूनच तुलना केली आहे. नोंदीत न येणारे फरक राहतातच, ते मान्य. म्हणून 'कासामुळे नुकसान होतं' असं मी म्हणत नाही. पण 'फायदा सिद्ध झालाय' हे जे देणगीच्या पत्रकांवर असतं, ते कशाच्या जोरावर?

आणखी एक. 'मुलाचा आवाज' म्हणता, पण कासा मुलाचं म्हणणं मांडायला बांधील नसतो, मुलाचं हित मांडायला असतो. बारा वर्षांचा मुलगा म्हणतो, मला आईकडे जायचंय. कासा कोर्टाला सांगतो, त्याची तशी इच्छा आहे, पण माझ्या मते जाऊ नये. वकील असं करू शकत नाही. टेक्सासमध्ये निदान मुलाला वकीलही नेमावाच लागतो, सगळ्या राज्यांत तसं नाही. खुद्द वॉशिंग्टन राज्यात, जिथे हे सगळं सुरू झालं, तिथे २०२१ मध्ये कायदा करून आठ वर्षांपुढच्या मुलांना टप्प्याटप्प्याने सरकारी खर्चाने वकील द्यायला सुरुवात केली.

शेवंती
आणि आठच्या आतल्यांचं काय? दीड वर्षाचं मूल वकिलाला काय सांगणार आहे?

गोदाकाठ
नाशिककडून थोडं. आपल्याकडे अशी मुलं बाल कल्याण समितीपुढे येतात. अध्यक्ष आणि चार सदस्य, निर्णय त्यांचा. स्वयंसेवकाच्या जवळचं काही असेल तर ते पोक्सोमधली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातली, 'सहाय्यक व्यक्ती'. तक्रार आली की पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं आणि समितीला मुलासाठी अशी व्यक्ती नेमता येते, हे २०२० च्या नियमांत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की हे मर्जीवर सोडायचं काम नाही.

फरक असा की ही व्यक्ती कोर्टाला शिफारस करत नाही. मुलीसोबत जाते, आज काय होणार ते तिला समजेल अशा शब्दांत सांगते, तारीख पुढे गेली तर कळवते, भरपाईच्या अर्जामागे लागते. नीतिन म्हणतात ती अडचण इथे मुळातच येत नाही. मात्र माणसं कुठायत? तालुक्याच्या ठिकाणाहून दर तारखेला जिल्हा कोर्टात यायचं, दिवस मोडायचा, संध्याकाळी पाच वाजता कळायचं की साहेब रजेवर. मानधन आहे म्हणतात, ते मिळेपर्यंत माणूस काम सोडून गेलेला असतो.

अवांतर: तात्यांनी गरिबीचा मुद्दा काढला तो फार महत्त्वाचा. आपल्या बालसंगोपन योजनेत महिना २२५० रुपये मिळतात आणि मूल बालगृहात न जाता आजीकडे किंवा एकट्या आईकडे राहतं. रक्कम हास्यास्पद आहे. तरी मूल आधी काढून मग हित शोधण्यापेक्षा हे बरं.

तिरकस_तात्या
गोदाकाठ, हेच म्हणतोय. त्या आईला सहा महिन्यांचं भाडं आणि विजेचं बिल द्या. स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणावर, कार्यालयावर, समन्वयकाच्या पगारावर पैसा जातोच ना?

शेवंती
तात्या, द्या की. सरकारला लिहा, मी सही करते. पण ज्या घरात बापाने पोराला भाजलंय तिथे विजेचं बिल भरून काय होणार? तुम्ही सगळ्या केसेस गरिबीच्या धरता, मृणाल सगळ्या क्रौर्याच्या धरते. माझ्यासमोर फाईल येते तेव्हा पहिले दोन-तीन महिने मला ठरवता येत नाही की यातली कुठली. नीतिनजींच्या शिफारशीच्या मुद्द्यावर मात्र मी अर्धी तुमच्या बाजूला आहे. हक्क संपवायचे का यावर मत देताना माझा हात थांबतो. आमच्या पर्यवेक्षक म्हणतात, रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

नीतिन_वकील
रकान्यात 'नातेवाइकांचा शोध पूर्ण झालेला नाही' एवढंच लिहा. ते खरं असेल तर न्यायाधीशाला थांबावं लागतं. तुमच्यातल्या किती जणांनी आजी-मावशी-काकांची यादी स्वतः काढून फोन केलेत?

शेवंती
केलेत. एका मावशीचा नंबर शाळेच्या जुन्या आणीबाणी-कार्डावर सापडला होता. यापुढचं इथे लिहिता येणार नाही.

बंड्या_बे-एरिया
मृणाल, फॉर्म भरताना घरच्यांनाही केसबद्दल सांगायचं नाही अशी अट असते का? बायको विचारतेय. तिला यायचंय, मला नाही.