मुलीने जेवण तोडले; यात घराचा वाटा किती?

प्रश्न (एक आई, जुळे सोलापूर):
माझी मुलगी अकरावीत आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांनी तिला सर्वांदेखत ‘जाडे’ म्हणून हाक मारली आणि आम्हीही ते हसण्यावारी नेले. त्यानंतर तिने आधी भात सोडला, मग भाकरी. आता शेंगाचटणीलाही ‘तेल सुटलंय’ म्हणून हात लावत नाही. तीन महिने पाळी आलेली नाही. सासूबाई म्हणतात, आईचे लक्ष नाही. हा आजार घरामुळेच होतो का?

उत्तर १:
ताई, ‘घरामुळेच’मधला ‘च’ आधी काढून टाका. अ‍ॅनोरेक्सियासारख्या (वजन वाढण्याच्या भीतीने जेवण तोडण्याच्या) आजाराला एकच एक कारण नसते. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला आहे. त्यात चिंताळू स्वभाव, सारे काही अचूकच हवे हा हट्ट आणि वयात येतानाचे बदल यांची भर पडते. वजनावरून होणारी चेष्टा किंवा घरातील मोठ्यांचे सततचे डाएट यांमुळे जोखीम वाढते, परंतु तशी चेष्टा सोसलेल्या बहुतेक मुलींना हा आजार होत नाही. समाजाचे म्हणाल तर फिजी या प्रशांत महासागरातील बेटांच्या देशाचे उदाहरण बोलके आहे. भरल्या अंगाचे कौतुक असलेल्या तेथील एका भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला; शाळकरी मुलींच्या पाहणीत खाण्याविषयीच्या चाचणीत धोक्याची पातळी ओलांडणाऱ्यांचे प्रमाण १२.७ टक्के होते, ते १९९८ मध्ये २९.२ टक्के झाले.

उत्तर २:
फिजी कशाला, आपल्याकडचे एखादे लग्न पाहा. एकाच मांडवात एक मावशी ‘किती वाळलीस गं’ म्हणते आणि दुसरी ‘सुटलीस की’. वर ‘स्थळं यायची आहेत’ हे असतेच. मुलांना असे कोणी म्हणत नाही असे नाही, पण त्यांच्या आजाराकडे तर आणखी उशिरा लक्ष जाते.

उत्तर ३:
दोष कोणाचा हे नंतर ठरवा. पाळी थांबणे हे शरीर उपाशी असल्याचे लक्षण असू शकते, म्हणून आधी डॉक्टरांकडून नाडी, रक्तदाब व रक्तातील क्षार तपासून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चक्कर किंवा छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८०च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारात आईवडिलांना दोषी न धरता मुलीला पुन्हा जेवती करण्याचे काम त्यांच्यावरच सोपवतात. बोलण्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

प्रश्नकर्ती:
उद्याच जाते. सासूबाईंनाही सोबत नेते, कारण दुपारचे ताट तिला त्याच वाढतात.