रिचमंड पार्क: दुपारी की पहाटे?

ऑक्टोबरात लंडनच्या रिचमंड पार्कला नर हरणांची मिलनाच्या हंगामातली झुंज बघायला दुपारी गेलं तर चालेल का, असं एकाने विचारलंय. जा, पण खरी धामधूम उजाडताना असते. दुपारी नर बरेचदा नेच्याच्या (फर्नच्या) झुडपांत बसून राहतात. अंतर किमान 50 मीटर ठेवा, आणि नर व त्याच्या माद्या यांच्यामध्ये चुकूनही उभे राहू नका. दोन नर समांतर चालू लागले की एकमेकांचा अंदाज घेतायत समजायचं. तेव्हाच मागे सरा, कारण हरलेला वाट फुटेल तिकडे सुटतो. मोबाईलच्या झूमवर भिस्त नको, 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण न्या. डरकाळी ऐकू आली तर ती तांबड्या हरणाची; ढेकरांसारखी सलग घरघर आली तर ती तिथल्या दुसऱ्या जातीच्या, पसरट शिंगांच्या फॅलो हरणाची. कुत्रा मात्र घरीच बरा.