चर्चा: ऑक्सिजनची शुद्धता जुळली, म्हणजे पीएसएचे गणिती प्रारूप खरे ठरले का?

रेणुचाळणी:
हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पीएसए (दाब चढवून वायू शोषणाऱ्या आणि दाब उतरवून तो सोडणाऱ्या) संयंत्राच्या प्रारूपाची पडताळणी अनेकदा एकाच आकड्यावर उरकली जाते. संयंत्राने ९३ टक्के शुद्धता दिली, प्रारूपानेही तितकीच दिली, की काम संपले. मला ही कसोटी अपुरी वाटते. संयंत्राच्या थरात भरलेला झिओलाइट हा सच्छिद्र पदार्थ नायट्रोजन धरून ठेवतो, पण आर्गॉन त्यातून जवळजवळ ऑक्सिजनसारखाच निसटतो. त्यामुळे शुद्धता ९५ टक्क्यांच्या आसपास अडते आणि त्या अरुंद पट्ट्यात बरी-वाईट सगळीच प्रारूपे जवळ येतात. आयसोथर्म (ठरावीक तापमानाला दाबानुसार किती वायू शोषला जातो, याचे वक्र) स्वतंत्रपणे मोजावेत, वस्तुमान-संक्रमणाचा गुणांक (वायू कणांत किती वेगाने शिरतो, ते सांगणारा आकडा) ब्रेकथ्रू प्रयोगातून, म्हणजे थरात सोडलेला वायू दुसऱ्या टोकाला कधी बाहेर पडतो ते पाहून, काढावा आणि मग काहीही न बदलता, वेगळ्या दाबावर व वेगळ्या चक्रकाळावर (दाब चढवण्या-उतरवण्याच्या एका फेरीच्या वेळेवर), शुद्धतेसोबत प्राप्ती (आत गेलेल्या ऑक्सिजनपैकी हाती आलेला वाटा) आणि थरातले तापमान यांचेही भाकीत करावे.

थरावरचा माणूस:
हे प्रयोगशाळेत शोभते. बारीक स्तंभात उष्णता भिंतीतून निघून जाते. मोठ्या थरात मात्र हवेच्या प्रवेशापाशी भोवतालाहून कित्येक अंश थंड असा पट्टा तयार होतो, जो लहान स्तंभात दिसतच नाही. त्यात दमट हवेतले पाणी सुरुवातीच्या झिओलाइटची क्षमता खाऊन टाकते. अशा वेळी प्रत्यक्ष नोंदींवरून गुणांक बसवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

रेणुचाळणी:
तो थंड पट्टा माझ्याच बाजूने बोलतो. उष्णतेचे समीकरण चुकले आणि तुम्ही गुणांक फिरवून शुद्धता जुळवली, तर चूक गुणांकात दडून बसते व चक्रकाळ बदलताच वर येते. हा गुणांक काढण्याच्या ग्ल्यूकॉफ यांच्या सूत्रातला १५ हा आकडासुद्धा चक्र फार छोटे झाले की टिकत नाही.

ताळेबंद:
दोघांनाही एक विनंती. मोजमापे घेण्याआधी संयंत्र चक्रीय स्थिरावस्थेत, म्हणजे प्रत्येक चक्र आधीच्यासारखेच होऊ लागण्याच्या स्थितीत, आले आहे का, ते पाहावे. शुद्धता लवकर स्थिरावते, तापमान मात्र कितीतरी चक्रे मागे रेंगाळते. शिवाय आत गेलेला आणि बाहेर आलेला नायट्रोजन जुळत नसेल, तर त्या नोंदींवर कोणतेही प्रारूप पारखणे व्यर्थ आहे.

थरावरचा माणूस:
ताळेबंदाचा मुद्दा मान्य. थरात तीन उंचींवर तापमापक बसवावेत, हेही मान्य. पण ओलावा शिरलेल्या जुन्या थराची क्षमता मी नोंदींवरूनच बसवणार, कारण ताज्या झिओलाइटचा आयसोथर्म त्या थराचा उरलेलाच नसतो.