मदत हवी आहे: रोजच्या बोलण्यापुरतं चेक कसं शिकावं?

नवऱ्याच्या नोकरीमुळे चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोत येऊन चार महिने झाले. त्याच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं, त्याचं काही अडत नाही. अडतं माझं, दुकानात आणि जिन्यात.

परवा चीजच्या काउंटरवर बोटाने एक चीज दाखवलं. बाई म्हणाल्या, "द्वात्सेत देका?" द्वात्सेत म्हणजे वीस, एवढं कळलं. 'देका' फोनवर शोधलं तर अर्थ आला ब्लँकेट! वीस ब्लँकेटं घेऊन काय करू? नको नको करत रिकाम्या हाताने घरी आले. मग समजलं, देका म्हणजे दहा ग्रॅमही. बाई बिचाऱ्या २०० ग्रॅम देऊ का विचारत होत्या.

त्याआधी लिफ्टपाशी शेजारच्या आजींना पाठ केलेलं वाक्य विचारलं, "येदेते नहोरु?" म्हणजे वर जाताय का. त्या हसून म्हणाल्या, "नो, नो." मी आपली बाहेरच उभी, आणि त्या गेल्या वर. 'हो'ला पुस्तकात 'आनो' आहे, पण बोलताना नुसतं 'नो' म्हणतात. नाहीला 'ने'. आता बोला!

एक मात्र आहे, काही गोष्टी आपल्याला आयत्या मिळतात. चेकमध्ये दोन च आहेत, एक 'चांगला'तला, एक 'चिमणी'तला. पंचवीसला 'प्येतद्वात्सेत' असंही म्हणतात, आधी पाच मग वीस, आपल्यासारखंच. पण सात विभक्त्यांचा तक्ता बघितला आणि शाळेतलं संस्कृत आठवून घाम फुटला.

बाळ लहान आहे, त्यामुळे क्लास सध्या जमणार नाही. तक्ते आधी पाठ करू की वाक्यं? आणि समोरचा भरभर बोलायला लागला की काय करायचं?

प्रतिसाद (प्रागहून): तक्ता गुंडाळून ठेवा. आधी फक्त चौथी विभक्ती, म्हणजे आपली द्वितीया, कारण दुकानात काहीही मागताना तीच लागते. कावा म्हणजे कॉफी, मागताना 'कावु, प्रोसीम' (प्रोसीम म्हणजे प्लीज). वोदा म्हणजे पाणी, मागताना 'वोदु'. आठवडाभर एवढंच करा. कोणी भरभर बोललं तर 'येश्त्ये येदनोउ, प्रोसीम', अजून एकदा. आजींशी 'येदेते' बोललात ते बरोबर, ते आपलं 'तुम्ही'. 'तू'वर यायचं की नाही ते त्या ठरवतील, आपण घाई करायची नाही. आणि तुमच्या ब्रनोत ट्रामला शालिना म्हणतात, इथे त्रामवाय. पुस्तकात शालिना सापडणार नाही.

प्रतिसाद: पैसे मोजताना सांभाळा. दोन ते चारला 'कोरुनी', पाचपासून पुढे 'कोरुन'. चुकलात तरी कळतं त्यांना, फार मनावर घेऊ नका.

धागाकर्ती: दोघांचे आभार! आज परत गेले. 'द्वात्सेत देका, प्रोसीम' म्हटलं आणि चीज मिळालं. मग बाईंनी विचारलं, "येश्त्ये न्येत्सो?" येश्त्ये म्हणजे अजून, हे ओळखलं. अजून काही हवंय का, असणार. आनंदाच्या भरात नको म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं 'नो'. बाई सुरी हातात धरून वाट बघत उभ्या. शेवटी आणखी दहा देका घेतलं.